उन्हातान्हात राबणाऱ्यांसाठी: कोल्हापूरच्या उन्हाळ्यात कामाची वेळ, सावली आणि पाणी कसं जमवताय?

करवीर_मिस्त्री (धागा काढणारा)

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की आपल्याकडं एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कोल्हापूर म्हणजे काय विदर्भ आहे व्हय?" खरं आहे. नागपूर-चंद्रपूरसारखा पारा इथं चढत नाही. साडेपाचशे मीटरची उंची आहे, पश्चिमेला सह्याद्री आहे, सांजचं वारं सुटतं. पण याच समजुतीपायी बाहेर राबणाऱ्या माणसाकडं कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून हा धागा.

हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष बघा. सपाट प्रदेशात कमाल तापमान आधी ४० अंशांवर गेलं पाहिजे, आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त पाहिजे. नाहीतर सरळ ४५ गाठलं पाहिजे. आपला पारा ३८-३९ वर थांबला की लाट नाही, इशारा नाही, बातमी नाही. शिवाय हे ३८ अंश पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत मोजलेले असतात. उघड्या उन्हात अंगाला सात-आठ अंश जास्त जाणवू शकतात. त्यात स्लॅबवर सळई बांधणाऱ्याला वरून ऊन, पायाखाली तापलेली सेंट्रिंगची प्लेट आणि हातात तापलेलं लोखंड.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमाला लाखो लोक उन्हात बसले होते. उष्माघातानं १४ जण दगावले. तिथला पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, तासन्‌तास एकाच जागी. चाळीसचा आकडा दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, हे मला कळकळीनं सांगायचंय.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट होते ती वळवामुळं. दुपारी चारला आभाळ भरून येतं, एखादी जोरदार सर पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी उकड सुरू होते ती कोरड्या उन्हापेक्षा वाईट. घाम वाळला तर अंग गार होतं. दमट हवेत तो नुसता ओघळतो, गारवा मिळत नाही आणि अंगातलं पाणी-मीठ मात्र जातं. वळीव पडून गेल्यावरच्या दिवशी साइटवर जास्त माणसं आडवी होतात, हे मी बरीच वर्षं बघत आलोय.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला खांबाची सावली खांबाच्या बुडातच जिरते. एरवी गवंडी भिंतीच्या सावलीनं सरकत सरकत काम करतो. त्या दिवसांत भिंत सावलीच देत नाही, ती मुद्दाम उभी करावी लागते.

आमच्या साइटवर एप्रिल-मेमध्ये साडेसहा ते साडेअकरा काम, मग जेवण आणि आडवं होणं, पुन्हा साडेतीन ते साडेसहा. हजेरी पूर्ण. १२ ते ३ उन्हात जाऊ नका असं सरकारी सूचनांत असतं, ते योग्यच आहे. पण ऊन साडेबाराला कडक असलं तरी हवा सगळ्यात जास्त तापते ती तीन-साडेतीनला. त्यामुळं तीनच्या ठोक्याला माणसं वर चढवण्यात शहाणपण नाही.

विसाव्याला मांडव घालतो. बांबू, त्यावर हिरवी जाळी आणि जाळीवर उसाचं पाचट. नुसत्या जाळीतून ऊन गळतं. पाचटाचा हातभर थर टाकला की खाली बसल्या बसल्या फरक कळतो. चारी बाजू मोकळ्या ठेवायच्या. पाचट पेट घेतं, म्हणून मांडवाखाली विडी-काडी बंद आणि चूल लांब. पत्र्याच्या शेडखाली माणसं बसवू नका, पत्रा तापून खाली आग टाकतो. माठाला ओलं किंतान, म्हणजे गोणपाट, गुंडाळून वाऱ्याच्या बाजूला ठेवायचं.

तुमच्याकडं काय करता ते लिहा. रानात, रस्त्यावर, यार्डात, कुठंही. आणि हजेरीचं काय करता तेही सांगा. माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडतं.


शिरोळची_लेक

दादा, बरं केलंत धागा काढला. मी शिरोळ तालुक्यातली. आमची बायकांची टोळी आहे. भांगलण म्हणजे तण काढणं, भुईमूग काढायचा, उसाचा पाला काढायचा असली कामं असतात.

उसात शिरल्यावर काय होतं ते बाहेरून कळत नाही. ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाणी पाजून दोन दिवस झालेले, जमीन ओली. आत वारं शिरत नाही. पाल्यानं अंग कापतं म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात मोजे. बांधावर ऊन लागतंय पण वारं तरी आहे. सरीत पाच मिनिटांत शर्ट पिळून काढावा इतका घाम. आता आम्ही एक सरी संपली की बांधावर येतोच. पूर्वी मुकादमीण ओरडायची, आता तीच हाक मारते, "या गं बायांनो, वारं खावा."

पण मला दुसरंच लिहायचंय. पाणी प्या, पाणी प्या असं सगळे सांगतात. बाई रानात पाणी का पीत नाही हे कुणी विचारत नाही. आडोसा नसतो. शेजारच्या रानात गडी, पलीकडं रस्ता. मग घरातून निघताना कपभर चहा, आणि दुपारपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं पाणी. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप, हे आमच्यात घरटी आहे. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका.

एका मालकानं बांधाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा केला. आत दोन विटा, बाहेर पाण्याची बादली आणि मग्गा. झालं. ताडपत्री घरातलीच, बांबू बांधावरचे. त्या रानात आमची घागर दुपारच्या आतच रिकामी व्हायला लागली आणि पोराला दुसऱ्यांदा पाणी आणायला पाठवावं लागलं. मालकांनी आधी आडोसा करावा, मग पाणी प्या म्हणावं.

हजेरीचं विचारलंत. आम्ही उन्हाळ्यात सहाला रानात आणि अकराला सुटी करून घरी. पगार पूर्ण. सकाळच्या गारव्यात काम भराभर उरकतं हे मालकाला एकदा डोळ्यांनी दिसलं की तो कुरकुरत नाही. जो अर्धा पगार म्हणतो त्याच्या रानात टोळी जात नाही. यात एकी लागते. एकटी बाई हे बोलू शकत नाही.


राजारामपुरीकर

वाचतोय. दोन शंका. वडील बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायला सांगतात, त्यानं ऊन बाधत नाही म्हणे. आणि उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी पिऊ नये, हे कितपत खरं?


गावठाणातली_डॉक्टर

ताई, तुमची पोस्ट प्रत्येक शेतमालकानं वाचावी अशी आहे. माझ्या दवाखान्यात उन्हाळ्यात लघवीच्या त्रासासाठी येणाऱ्या रानातल्या बायका बहुतेक हेच सांगतात.

राजारामपुरीकर, खिशातल्या कांद्यानं अंगाचं तापमान कमी होत नाही. जेवणात कांदा खा, चांगलाच आहे. पण खिशात कांदा आहे म्हणून माणूस भर दुपारी निर्धास्त फिरू लागला तर ते धोक्याचं. गार पाण्याची भीतीही सोडा. तापलेल्या शरीराला गार पाणी मदतच करतं. घटाघटा लिटरभर एकदम न पिता थोडं थोडं प्यावं, म्हणजे मळमळत नाही.

किती प्यायचं? उन्हात अंगमेहनत चालू असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. तहान लागेपर्यंत थांबू नका. कामाच्या नादात तहान उशिरा कळते. पण तासाला दीड लिटरच्या पुढं नुसतं पाणीही पिऊ नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. भाकरी, भाजी, चटणी, लोणचं असं पोटभर जेवण असेल तर मीठ बहुतेक भरून निघतं. दोन-दोन तास घामाच्या धारा लागत असतील तर मीठ घातलेलं ताक, आंबील, कोकमाचं सरबत, पन्हं यांतलं काहीही घ्या. घरचं जलसंजीवनी म्हणजे एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. औषधाच्या दुकानातलं ओआरएस घेतलंत तर पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलीचं ते आधी वाचा. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून प्यायलेली माणसं माझ्याकडं येतात. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पायात गोळे येणं, गरगरणं, मळमळणं, डोकं ठणकणं ही आधीची पायरी. माणूस सावलीत आणा, कपडे सैल करा, पाणी द्या, त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नका. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, चिडून अंगावर आला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढं गेलेलं असतं. अंग कोरडंच असेल असं नाही. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही दरदरून घाम असतो. "घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही" या समजुतीनं माणसं हातची जातात. दारू प्यायलाय म्हणून बाजूला झोपवू नका.

१०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत नुसते बघत उभे राहू नका. सावलीत आडवं करा, वरचे कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. हाताशी टाकी, हौद, मोटरीची पाइप असेल तर सरळ पाण्याखाली धरा, तोंड-नाक वर ठेवून. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत. आधी गार करायचं, मग न्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर मेंदू, किडनी, यकृत वाचतं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. क्रोसिन-पॅरासिटामॉलचा इथं उपयोग नाही. हा ताप जंतूंचा नाही.


उद्यमनगरी

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत पाळी बघतो. बाहेरचं काम नाही, पण आमच्याकडं ऊन आणि भट्टी दोन्ही एकत्र येतात. ओतकाम शक्य तेवढं रात्रपाळीला किंवा पहाटे घ्यायचं, हे आमच्याकडं मार्चपासूनच ठरतं.

मला नव्या माणसाबद्दल लिहायचंय. जुना माणूस तगतो, कारण त्याचं अंग हळूहळू सरावलेलं असतं. घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं. या सरावाला आठवडा ते दोन आठवडे लागतात. नवा पोरगा मात्र पहिल्याच दिवशी जुन्याच्या बरोबरीनं घण मारायला जातो, लाजेपोटी बसत नाही. उन्हाचे मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच जास्त होतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की नव्या माणसाला पहिल्या दिवशी तापत्या जागी वीस टक्केच वेळ द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा. गावाकडच्या जत्रेला आठवडा-पंधरवडा जाऊन आलेल्या जुन्या माणसालाही पहिल्या दिवशी अर्धंच काम. आमच्याकडं नव्यासोबत एक जुना जोडीदार देतात, आणि जोडीदार बस म्हणाला की बसायचं.

दुसरं, घर. पत्र्याच्या खोलीत रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात. रात्री अंग निवलं नाही तर सकाळी माणूस अर्धा थकूनच कामावर येतो. पत्र्यावर चुना मारा, दोन हात. पांढऱ्या पत्र्यावरून ऊन परत फिरतं. अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उन्हानं खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ साली त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढं तिथल्या वस्त्यांतली छपरं पांढरी करायचं काम त्यातूनच निघालं. आपल्या महापालिकेनंही वस्त्यांमधून हे करायला हवं. चुन्याला काय लागतंय?


दोनचाकी_दिवसभर

मी जेवण पोचवायचं काम करतो. ताराराणी चौक, राजारामपुरी, रंकाळा, कळंबा, दिवसभर हेच. साडेबारा ते तीन हीच आमची कमाईची वेळ, त्यामुळं दुपारी सुट्टी घ्या हा सल्ला आम्हाला लागू पडत नाही. सगळे गारव्याला घरात बसतात म्हणून तर ऑर्डरी येतात.

त्रास गाडी चालवताना कमी आणि थांबल्यावर जास्त. हॉटेलच्या दारात पार्सलची वाट बघत उभं राहायचं, आत बसू देत नाहीत. काळी सीट, काळा डांबरी रस्ता, हेल्मेटच्या आत भट्टी. मोबाईल हँडलवर तापून बंद पडतो, मग ऑर्डर हातची जाते. आम्ही पोरांनी एक केलंय. हेल्मेटखाली ओला सुती रुमाल, फोनवर पांढऱ्या कापडाची टोपी, आणि दर तीन-चार खेपांनंतर झाडाखाली पाच मिनिटं. कुठं झाड आहे, कुठं माठ भरलेला असतो, कुठल्या दुकानाचा कट्टा सावलीत आहे याची यादी आमच्या ग्रुपवर आहे.

हॉटेलवाल्यांना हात जोडून विनंती, दाराबाहेर एक छत्री आणि एक बाकडं ठेवा. एवढंच.


करवीर_मिस्त्री

भावा, तुमची यादी इथं टाका, बाकीच्यांनाही होईल. फेरीवाले, गॅसच्या टाक्या पोचवणारे, मीटर बघणारे, सगळे त्याच रस्त्यांवर असतात.

मला व्यक्तिगत निरोपात एका बांधकामवाल्यानं विचारलं, "स्लॅब अर्धा टाकून थांबवता येत नाही, मग अकराला सुट्टी कशी देणार?" बरोबर आहे. एकदा काँक्रीट सुरू झालं की मध्ये थांबलं तर सांधा राहतो. म्हणून स्लॅब पहाटे सुरू करायचा. हॅलोजन लावून चारला मिक्सर चालू, दहाच्या आत शेवटची पाटी वर. यात मालकाचाही फायदा आहे. कडक उन्हात काँक्रीटमधलं पाणी उडतं, ते लवकर घट्ट होतं, वरचा थर वाळून बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी आयएस ७८६१ हे वेगळं भारतीय मानकच आहे. खडी सावलीत ठेवा, पाणी गार वापरा, काम दिवसाच्या गार वेळेला करा, सगळा रोख तोच. जी काळजी काँक्रीटची घ्यायची, तीच माणसाची घेतली तर दोन्ही टिकतात.

पहाटे मिक्सरचा आवाज होतो म्हणून शेजारी तक्रार करतात. आदल्या संध्याकाळी प्रत्येक दारात जाऊन सांगून यायचं. का करतोय ते सांगितलं की बहुतेक ऐकतात.

शिरोळच्या ताईंचा मुद्दा बांधकामालाही शंभर टक्के लागू आहे. साइटवर बायका बिगारी असतात आणि संडास बांधायचा तो इमारत झाल्यावर. पाया खोदायच्या आधी पत्र्याची तात्पुरती मोरी-संडास उभी राहिलीच पाहिजे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पिण्याचं पाणी आणि संडास-मुतारी देणं मालकावर बंधनकारक केलं होतं. ही काही मेहेरबानी नव्हे.


गंगावेस_दूधकट्टा

माणसांचं चाललंय, त्यात जनावरांचं घालतो, कारण आमच्यात दिवसभर उन्हात दोघं बरोबरच असतात. म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी. ती घामानं गार होत नाही, म्हणून पाण्यात बसते. पंचगंगेला, तळ्याला म्हशी नेण्याची रीत उगाच पडलेली नाही. आता पाणवठे कमी झाले, गोठे पत्र्याचे झाले. म्हैस धापा टाकते, जीभ बाहेर काढते, चारा सोडते, दूध उतरतं. उन्हाळ्यात माजही मुका जातो, म्हणजे म्हैस माजावर आलेली कळतच नाही, रेडा लावायची वेळ चुकते, आणि पुढचं सगळं वेत लांबतं.

आम्ही वैरण पहाटे आणि रात्री टाकतो. चारा पचताना पोटात उष्णता तयार होते, ती दुपारी नको. दुपारी नुसतं पाणी समोर, अंगावर ओलं पोतं, ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. बंद गोठ्यात नुसतं पाणी मारत बसू नका, दमटपणा वाढतो. पंखा किंवा मोकळी हवा पाहिजेच. गोठ्याजवळ कडुलिंब, करंज, आंबा काहीतरी लावा. सावली देणारं झाड दहा वर्षांनी उपयोगी पडेल, पण आज लावलं तरच. पोतं भिजवायला जाताना स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेलही भिजवून घ्या, ती वेळ ठरून जाते.


कोयत्यावरचा_पोरगा

आमचं मूळ गाव बीडकडचं. आईवडील कोयत्यावर इकडं यायचे, मी शिकून कोल्हापुरातच राहिलो. वरच्या पोस्टींत "पूर्ण हजेरी देतो" असं वाचून बरं वाटलं. पण ऊसतोडीत हजेरी नसते, पैसे टनावर असतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मोळी जितकी बांधली तितके पैसे, आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. तिथं विसावा म्हणजे तोटा. हंगाम लांबून मार्च-एप्रिलपर्यंत गेला की पाचटाच्या फुफाट्यात, उन्हात तोडणी चालते. पहाटे तीन-चारला फडात शिरतात ते त्यामुळंच. झोप मात्र मग कधीच पुरी होत नाही. दुपारी पालात झोपावं तर प्लास्टिकच्या कागदाखाली आग असते.

मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, ऊसतोड करणारी तरुण माणसं किडनी निकामी होऊन गेली. ना मधुमेह, ना रक्तदाब. रोजच्या रोज उन्हात अंग सुकवून केलेली कष्टाची कामं हे त्यामागचं मोठं कारण आहे असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तिथल्या काही कारखान्यांनी मग फडातच सावलीचे तंबू, ठरलेल्या वेळेला सक्तीचा विसावा आणि पाणी हे सुरू केलं.

आमच्या लोकांत आणखी एक आहे, अंगदुखीच्या गोळ्या. रोज एक, कधी दोन. डॉक्टर मॅडम, यावर लिहा.

माझं म्हणणं सरळ आहे. टनाच्या दरातच विसाव्याचे पैसे धरले पाहिजेत. नाहीतर सावली उभी केली तरी तिच्याखाली कुणी बसणार नाही. गुजरातेत 'सेवा' या बायकांच्या संघटनेनं २०२३ पासून उन्हाचा विमा आणलाय. तापमान ठरलेल्या मर्यादेपुढं गेलं की बुडालेल्या रोजगाराचे पैसे बाईच्या खात्यात. साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात इतके आहेत, त्यांतल्या एखाद्यानं तरी आपल्या तोडणीवाल्यांसाठी हे करून बघावं.


गावठाणातली_डॉक्टर

फार महत्त्वाचं लिहिलंत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीकडं जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंग सुकलेलं असताना तो आधीच कमी झालेला असतो. उन्हात राबून रोज ही गोळी घेणं म्हणजे किडनीवर दुहेरी मार. अंग दुखतंय तर आधी पाणी, मीठ, झोप, शेक. गोळी लागलीच तर डॉक्टरला विचारून, तीही भरल्या पोटी आणि पाणी पिऊन, रोज नाही. लघवी गडद पिवळी, चहासारखी होत असेल तर काम थांबवा आणि तपासून घ्या. हे बघायला पैसे लागत नाहीत, रोज बघा.


वाडी_रत्नागिरी_वाट

जोतिबाच्या चैत्र यात्रेत दरवर्षी सेवेला असतो, त्यातलं थोडं. सासनकाठी, म्हणजे देवाची उंच सजवलेली काठी, नाचवणारे, ढोलवाले आणि उपाशीपोटी चालत आलेले, यांनाच जास्त भोवळ येते. पाणी वाटणारे वाटेवर भरपूर असतात, पण सावलीत दहा मिनिटं बसवणारं कुणी नसतं. आम्ही आता दगडी पायऱ्यांवर भिजवलेलं किंतान अंथरतो, अनवाणी माणसं त्यावरून जातात. सासनकाठीच्या गड्यांना आदल्या रात्रीची जागरणं टाळा, खांदेकरी वाढवा आणि पाळ्या लहान करा असं मानकऱ्यांच्या कानावर घालतो.


राजारामपुरीकर

डॉक्टर, अजून एक. सासरे सत्तरीला आलेत, गडहिंग्लजकडं रान आहे, अजून रोज पाणी पाजायला जातात. दिवसाची लाईट असली की भर दुपारी मोटर चालू करायला जातात. रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना रानात जाऊ नका म्हटलं तर ऐकणार नाहीत.


गावठाणातली_डॉक्टर

जाऊ नका म्हणू नका, मोटर लांबून चालू-बंद करायचं ऑटो स्विच बसवून द्या. मोबाईलवरून चालतं, भर दुपारची खेप वाचेल.

गोळीचं नाव बघून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढणाऱ्या असतात, काहींनी उठताना चक्कर येते. उन्हाळ्यात असा डोस कधीकधी बदलावा लागतो. पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आणि "मीठ-पाणी प्या" हा वरचा सल्लाही त्यांना जसाच्या तसा लागू नाही. हृदयाचा, किडनीचा त्रास असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही मोजून. गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन या आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि रानात जाताना एकटे जाऊ देऊ नका, शेजारच्या रानातल्या कुणाला तरी सांगून जायला सांगा. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, त्यामुळं बाटली संपली का हे रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी बघायचं.


शिरोळची_लेक

मिस्त्री दादा, आडोशाची ताडपत्री कुठल्या मापाची लागते ते दोघा-तिघांनी निरोपातून विचारलंय, इथंच लिहिते. बारा बाय नऊ फुटांची असली तर तीन बाजू आणि दाराला पडदा एवढं निघतं. काळी घेऊ नका, आत भाजून निघतं. बांबू माणसाच्या उंचीपेक्षा हातभर वर ठेवा, वरून उघडंच राहू द्या, आणि आडोसा विहिरीपासून, पाटापासून लांब धरा. काम सरकेल तसा उचलून पुढच्या बांधावर न्यायचा, दोघींचं काम आहे.